मदतनीसाची भूमिका



‘कॉन्क्लेव्ह’ ह्या २०२४ सालच्या बोलपटात पोपच्या निवडणुकीची धुरा वाहणारे कार्डिनल लॉरेन्स रेफ फाइन्स यांनी रंगविले. त्यांचे विश्वासू मदतनीस मॉन्सिन्योर ओमॅली यांचे काम ब्रीअन ओबर्न ह्या आयरिश नटाकडे आले. २००५ साली ब्रॉडवेवर ‘डाउट’ नाटकात संशयग्रस्त धर्मगुरूची प्रमुख भूमिका ह्याच नटाने केली होती. असा समर्थ नट दुय्यम भूमिकेस का योजावा? कारण ती भूमिका हुजऱ्याची नाही. बंद दाराआड बसलेल्या कार्डिनलांच्या कानी बाहेरची कटु वार्ता ओमॅलीच घालतात. वरिष्ठांस अप्रिय सत्य नम्रपणे सांगणे, हीच खरी निष्ठा. ज्युबिलीच्या ह्या शुभदिनी परमेश्वर आपल्या धर्मग्रामास असे सेवक देवो, आणि आम्हां धर्मगुरूंस त्यांचे ऐकण्याची नम्रता देवो.