‘फकिरा’मधली हजेरी

आमच्या घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वाटेगावाहून घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठलेला हा माणूस. १९५९ साली त्यांची ‘फकिरा’ आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

आमच्या गटातल्या बहुतेक जणी घरकाम करतात. दुपारी कामं आटोपली की एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी भाजी निवडत ऐकायचं. फकिराचा पराक्रम ऐकताना सगळ्या खूश होत्या. अडलो ते हजेरीपाशी.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जमातच गुन्हेगार ठरवली, मग माणसानं काही केलेलं असो वा नसो. कादंबरीतल्या मातंगांना दिवसातून तीनदा हजेरी द्यावी लागते. आता सांगा, तीनदा हजेरी देणारा माणूस लांब कामाला जाणार कसा? काम नाही म्हणजे चूल नाही. दुष्काळात उपाशी माणसांसाठी फकिरा धान्य लुटतो, तर सरकार म्हणायला मोकळं, बघा, आम्ही सांगत नव्हतो? आधी वाट बंद करायची आणि मग भिंतीवरून उडी मारली म्हणून धरायचं, असा हा हिशोब आहे.

आणि गावाचं बघा. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी आणतो, त्यात त्याचा जीव जातो. जत्रा मिळते साऱ्या वाटेगावाला. गावात विष्णुपंत कुलकर्ण्यांसारखी जीव लावणारी माणसं आहेत, हे अण्णाभाऊंनी मुद्दाम दाखवलंय. पण राणोजीचं घर वेशीबाहेर होतं, ते तिथंच राहतं.

आम्हाला सगळ्यांत जवळची वाटली ती राधा, फकिराची आई. नवरा गेला, मुलगा रानात. शेवटी सरकार घरच्यांना आणि वाड्यातल्या माणसांना धरतं, आणि त्यांच्यासाठी फकिरा स्वतःहून हजर होतो. लढाईत जो सापडला नाही, तो बायकापोरांमुळे सापडला. शिक्का पुरुषाच्या नावावर असला तरी त्याचा भार घरातल्या बाईच्या डोक्यावर येतो, असं आमच्यातली एक म्हणाली. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी आमच्यातल्या तिघी ज्या सोसायटीत काम करतात, तिथं बाहेर पडताना गेटवर पिशवी उघडून दाखवावी लागते. डबा, ओढणी, कधी मालकिणीनं दिलेली जुनी साडी, सगळं बाहेर काढायचं. फ्लॅटवाल्यांच्या पिशव्या कुणी बघत नाही. वॉचमनदादाला दोष नाही, तो बिचारा स्वतःच मान खाली घालतो.

हे तीनदा हजेरीएवढं नाही, हे आम्हालाही कळतं. पण पुस्तक मिटल्यावर त्या तिघी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या. म्हणाल्या, तपासा, पण गेटमधून जाणाऱ्या सगळ्यांच्याच पिशव्या तपासा. ते म्हणाले, नियम आहे. यांनी तो लेखी मागितला.

तीन आठवडे झाले, कागद आलेला नाही. पिशवी मात्र गेल्या सोमवारपासून कुणी उघडायला सांगितलेली नाही.