एक हात आणि नेम

श्रोतेहो, माझा डावा हात कोपराच्या थोडा खाली संपतो, जन्मापासूनच. कविता लिहायला उजवा पुरतो. पण भाच्याने 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ फोनवर लावून दिला, तेव्हा मी म्हटलं, "बेटा, हे दोन अंगठ्यांचं काम."

तो म्हणाला, "मामू, बटणं हलवता येतात." चालण्याचं आणि गोळी झाडण्याचं बटण त्याने उजव्या अंगठ्याच्या टप्प्यात आणलं. मग जायरोस्कोप सुरू केला. फोन कलेल तिकडे नेम वळतो. फोन पट्ट्याने डाव्या हाताला बांधला. जो हात आयुष्यभर बाहीत लपवला, तोच नेम धरू लागला!

याच विचाराने मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एक्सबॉक्ससाठी खास कंट्रोलर काढला. वर दोन मोठी बटणं, मागे १९ खाचा; त्यांत पायाने, हनुवटीने दाबायची बटणंही जोडता येतात.

माझी अडचण एकच. चालता चालता गोळी झाडता येत नाही, थांबावं लागतं. परवा चौघांच्या संघात मी असाच मागे पडलो. एक अनोळखी पोरगा कानात ओरडला, "अंकल, हात नाहीत का?"

मी म्हटलं, "एकच आहे."

क्षणभर शांतता. वाटलं, आता कीव येणार. तो म्हणाला, "मग पळता कशाला? भिंतीआड बसून मारा ना!"

इतक्या वर्षांत सहानुभूती पुष्कळ मिळाली, श्रोतेहो. खेळाडूला देतात तसा सल्ला पहिल्यांदाच मिळाला.