सुट्टीतले विणकाम



वैशाखाच्या उन्हात आम्ही लोकरीची गोष्ट काढीत आहोत, म्हणून हसू नका. गेल्या दिवाळीत फराळ उरकून घर सुस्तावले, की आम्ही सुना बाळंतविडा विणावयास बसत असू : कुंची, अंगडे, मोजे. कोणी म्हणाले, "बाजारात स्वस्त मिळते, हा उपद्व्याप कशाला?" हिशेब बरोबर होता, पण तो नुसत्या वस्तूचा होता.

विणताना हात गुंततात, कान मोकळे राहतात. एका दुपारी सासूबाई सहज बोलून गेल्या : १९६२ साली चीनचे आक्रमण झाले, त्या हिवाळ्यात शाळकरी वयात त्यांनी जवानांसाठी मोजे विणले होते. तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या पावलाचे माप त्यांनी वडिलांच्या पावलावरून घेतले. तीस वर्षे एका घरात राहून आम्हांला हे ठाऊक नव्हते!

विणकाम चुकले, तर उसवून त्याच धाग्याने पुन्हा विणता येते. गेलेली दुपार तशी उसवता येत नाही. म्हणून विनंती एवढीच : पुढच्या सुट्टीत मोज्यांचा एक जोड तरी कोणासाठी विणा, आणि शेजारी जे माणूस बसेल त्याचे बोलणे पुरते ऐका.