काळजावरची गाठ कुत्र्यापुढे टाकू नका



आखाड लागला की गावोगावी बोकडं कापली जातात. वाटे घालताना काळजावर किंवा फुप्फुसावर कधी कधी पांढुरकी, पाण्याने भरलेली गाठ दिसते. लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी. कापणारा तेवढा भाग सुरीने काढतो आणि जवळ बसलेल्या कुत्र्यापुढे टाकतो. आपल्यालाही वाटतं, चला, मुक्या जिवाच्या तोंडी तरी लागलं. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या तुकड्याबद्दल.

त्या गाठीला डॉक्टर हायडॅटिड म्हणतात. तिच्यात एका पट्टकृमीची पिल्लं असतात. कुत्र्याने ती कच्ची खाल्ली की साधारण दीड महिन्यात त्याच्या आतड्यात जंत तयार होतात. तांदळाच्या दाण्याहून मोठे नसतात. कुत्रा आजारी दिसत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण त्याच्या विष्ठेतून अंडी पडत राहतात आणि ओल्या, थंड जागी महिनोन्‌महिने टिकतात. गवतावरून ती शेळीच्या पोटात जातात. न धुतलेल्या कोथिंबिरीवरून, मातीतल्या हातावरून, कुत्र्याला कुरवाळणाऱ्या लेकरांच्या बोटांवरून आपल्या पोटात.

बैठकीत हमखास प्रश्न येतो, "ताई, आम्ही माळकरी, आम्हाला कसली भीती?" तर माळकरी घरातही हा आजार होऊ शकतो. तो मटण खाल्ल्याने होत नाही, अंडी पोटात गेल्याने होतो. त्यामुळे मटण कितीही शिजवलं तरी यातून सुटका नाही. (डुकराच्या मांसातला पट्टकृमी वेगळा. तिथे मांस नीट शिजवायलाच हवं.)

माणसातही गाठ बहुधा काळजात नाही तर फुप्फुसात होते. वर्षानुवर्षं सावकाश वाढते, दुखत नाही. पुढे उजव्या बरगडीखाली जडपणा, दुखणं, कधी खोकला, आणि सोनोग्राफीत गाठ दिसते. काहींना गोळ्या पुरतात, काहींना ऑपरेशन लागतं. आत गाठ फुटली तर जिवावर बेतू शकतं. बाईचं पोटदुखणं अंगावर काढायची आपल्याकडे सवयच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

शेळ्यांना आपण जंताचं औषध पाजतो. ते पाजावंच, पण त्याने झालेली गाठ जात नाही. साखळी तोडायची ती कुत्र्यापाशी. कापणं पुरुषांचं काम म्हणून आपण लांब राहतो, पण मागची घाण काढायला आपणच असतो ना? मग बोकड कापायच्या आधीच कमरेएवढा खड्डा खणून घ्यायला सांगा. गाठ फोडत बसू नका, भागासकट खड्ड्यात टाका, वर माती आणि मोठे दगड. उकरता येईल असा खड्डा काही कामाचा नाही. कुत्र्याला काळीज, फुप्फुस घालायचंच असेल तर अर्धा तास खळखळ उकळून घाला. गावातल्या खाटीकदादांनाही हे गटाने मिळून सांगा. एकटीचं कुणी ऐकत नाही, दहाजणी गेल्या की ऐकतात.

पाळलेल्या कुत्र्याला प्राझिक्वान्टेल हे औषध वजनाप्रमाणे द्यायचं असतं. किती दिवसांनी पुन्हा द्यायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, पशुसखीलाही विचारता येईल. औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवा, त्याची विष्ठा फावड्याने उचलून खोल पुरा आणि हात साबणाने धुवा.