छाट बिड्यांचा कायदा

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेक जण आता सनद घेऊन कोर्टात उभे राहतील, आणि ते रास्तच आहे. पण चार-दोघांनी तरी एलएल.एम. करून पुढे पीएच.डी.ची वाट धरावी आणि विषयासाठी दिल्लीकडे पाहू नये, एवढेच मला आज बेळगावजवळच्या सांबऱ्यात मांडायचे आहे. सीमाभागात विषय म्हटला की २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावाच आधी आठवतो. तो मोठा आहे, पण त्याच्या कागदांवर दोन राज्यांचे नामांकित वकील बसलेले आहेत. संशोधकाला खरे काम निपाणीच्या बिडीत सापडेल.

पाने आणि तंबाखू घरी नेऊन बिड्या वळणाऱ्या बाईलाही १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने कामगार मानले. ‘ही कंत्राटदाराची माणसे’ म्हणून हात झटकायची मालकांची सोय त्याने काढून घेतली. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले; मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात १९७४ साली कायदा टिकला. तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या नियमांत छाट, म्हणजे कमअस्सल ठरवून नाकारलेल्या, बिड्यांचीही मर्यादा होती: सर्वसाधारणपणे शेकडा पाचहून जास्त बिड्या नाकारू नयेत. निकालपत्र वाचणारा इथे थांबतो. पण बिड्या तपासून घेताना हे ‘सर्वसाधारणपणे’ ठरवतो कोण? छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिडीची मजुरी मिळते का? अशा तंट्यासाठी कायद्याने अधिकारी नेमायची तरतूद केली, पण त्याच्यापर्यंत कोण पोचते?

हे समाजशास्त्र झाले, कायदा नव्हे, असा आक्षेप येईल. मला तो पटत नाही. नियमातल्या एका सैल शब्दावर बाईची मजुरी ठरत असेल, तर त्या शब्दाचा अर्थ शोधणे हे कायद्याचेच काम आहे. शिवाय इथली बाई मराठीत बोलते, सरकारी कागद कन्नडमध्ये असतो, निकाल इंग्रजीत. हे तिन्ही स्वतः वाचू शकणारा विद्यार्थी बेळगाव-निपाणीत जितका सहज मिळेल तितका दिल्लीत मिळणार नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा, आणि तो खोटा नाही. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात वकिलीत जम बसवता येतो. दोन्ही साधणारेही झाले: पां. वा. काण्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली करून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. पण काण्यांचे नाव घेऊन कुणाचे घरभाडे भागत नाही. ज्याला नेट परीक्षा देऊन जेआरएफची शिष्यवृत्ती मिळेल त्याने पूर्णवेळ यावे. बाकीच्यांनी आधी वकिली करावी आणि आपल्याच पक्षकारांच्या कामातून प्रश्न उचलावा. उशीर झाला तरी प्रबंध नासत नाही, कागद मात्र नासतात. १९६६ चा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. त्या कायद्याखालच्या तक्रारींच्या नोंदवह्या कुठे उरल्या असतील तर त्या रद्दीत जाण्याआधी गाठायला हव्यात. नव्या संहितेने काय दिले आणि काय काढून घेतले, हे त्यांच्याशी ताडून पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही.