गाण्यांनी बांधलेली इमारत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



यंदा संमेलनात परदेशप्रवासावर काही बोलावे, अशी सूचना कार्यवाहांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. उभा जन्म शाळामास्तरकीत गेला. समुद्र ओलांडण्याचा योग आला नाही. परंतु स्वतः न केलेल्या प्रवासाविषयी बोलू नये असा काही नियम नाही, असे कार्यवाहांचे म्हणणे पडले. वर्गात आम्ही भूगोल तसाच शिकविला, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. असो.

विषय निवडताना एक निकड डोळ्यांसमोर होती. आपल्या वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यासाठी निधी जमविण्याकरिता महिला शाखेने जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम योजिला आहे, हे आपण जाणताच. त्यावर आपल्याच काही तरुण बंधूंनी आक्षेप घेतला. आज्या-पणज्यांनी दळण-कांडण करताना, दुसऱ्यांच्या दारी राबताना म्हटलेली गाणी चार परक्या लोकांपुढे तिकीट लावून कशाला म्हणावयाची? त्या दिवसांची आठवण तरी कशाला? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. तो मनापासून घेतलेला आहे. आणि तो नवाही नाही. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न स्वतःस विचारला होता. त्यांच्या गायनवृंदाच्या प्रवासाची हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि लक्षावधी कृष्णवर्णीय गुलाम मुक्त झाले. मुक्त झाले म्हणजे काय, तर अंगावरच्या वस्त्रानिशी रस्त्यावर आले. लिहिण्यावाचण्यास शिकविणे हा त्यांच्या बाबतीत दक्षिणेकडील अनेक प्रांतांत कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे शाळा उघडताच आजोबा आणि नातू एकाच बाकावर येऊन बसले. टेनेसी प्रांतातील नॅशव्हिल शहरी १८६६ च्या जानेवारीत अशीच एक शाळा सुरू झाली, ती फिस्क शाळा. इमारत म्हणजे लष्कराच्या जुन्या इस्पितळाच्या लाकडी बराकी. पाच वर्षांत लाकूड कुजले, कर्ज वाढले आणि शाळा बंद करण्याची वेळ आली.

शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे लोहाराचे चिरंजीव. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांस बेताचेच होते, पण कान मोठा तयार. फावल्या वेळात ते विद्यार्थ्यांस गाणे शिकवीत. त्यांनी ठरविले की, पथक घेऊन उत्तरेकडील शहरांत जावे आणि गाऊन पैसे आणावे. शाळेच्या चालकांस ही कल्पना वेडेपणाची वाटली. खजिनदाराने तिजोरीत उरलेसुरले जे काही असेल ते प्रवासावर खर्च करणे, हे आपल्या मंडळाच्या हिशेबतपासनिसांनी तरी मान्य केले असते काय? तरीही १८७१ सालच्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस नऊ गायक-गायिका निघाल्या. बहुतेकांचा जन्म गुलामगिरीत झालेला.

त्या नवांपैकी दोघांची ओळख करून देणे अवश्य आहे. बेंजामिन होम्स हा गुलाम असतानाच चोरून वाचावयास शिकला होता. गुलामांच्या कोठडीत असताना त्याच्या हाती लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा पडला आणि त्याने तो इतर बंद्यांस मोठ्याने वाचून दाखविला. दुसरी एला शेपर्ड, वय अवघे वीस. तिच्या बापाने स्वतःची किंमत मोजून आधी स्वतःस सोडविले आणि मग ३५० डॉलर देऊन आपल्या मुलीस विकत घेतले. आईची किंमत मालकिणीने घेतली नाही. तिला विकण्याचे नाकारले. मायलेकींची ताटातूट झाली ती युद्ध संपेपर्यंत. पुढे सिन्सिनाटी शहरी एला पियानो शिकली, तेही गोऱ्या शिक्षकाच्या घरी, मागील दाराने, रात्रीच्या वेळी आणि वाच्यता न करण्याच्या अटीवर. फिस्क शाळेत ती आली तेव्हा तिच्यापाशी सहा डॉलर होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. हे पथक सुरुवातीस काय गात होते? त्या काळी गोऱ्या समाजात प्रिय असलेली सुसंस्कृत गाणी. शेतावर राबताना, रात्री गुपचूप प्रार्थनेस जमताना आईबापांनी म्हटलेली भक्तिगीते त्यांस येत होती. पण ती परक्यांसमोर म्हणण्यास ती मुले तयार नव्हती. एला शेपर्ड हिने पुढे लिहून ठेविले आहे की, त्या गाण्यांशी दास्याचे दिवस जोडलेले होते, आणि आईबापांच्या लेखी ती पवित्र होती. म्हणून दारेखिडक्या लावून ती मुले ती आपसांत म्हणत. ध्यानात घ्या, येथे दोन भावना आहेत. एक लाजेची आणि दुसरी सोवळेपणाची. आपल्या तरुण बंधूंच्या आक्षेपातही या दोन्ही मिसळलेल्या आहेत, असे आम्हांस वाटते. फक्त पहिली मोठ्याने बोलते.

प्रवासाचे पहिले महिने हालाचे गेले. खाणावळी आणि हॉटेले यांची दारे बंद होत. पैसा जमेना. त्यातच शिकागो शहरास भयंकर आग लागली, तेव्हा या मुलांनी एका जलशाची सारी मिळकत आगग्रस्तांस देऊन टाकली. ती रक्कम पन्नास डॉलरही नव्हती. पण स्वतः उपाशी असता दिलेली होती. कोलंबस मुक्कामी व्हाइट यांनी पथकास ‘ज्युबिली गायक’ हे नाव दिले. यहुदी धर्मशास्त्रात दर पन्नासावे वर्ष गुलामांच्या मुक्ततेचे सांगितले आहे, त्यास ज्युबिली म्हणतात. त्यावरून हे नाव.

नोव्हेंबरात ओबर्लिन गावी धर्मोपदेशकांची एक मोठी परिषद भरली होती. तेथे त्यांनी आईबापांचे एक गीत अत्यंत हलक्या आवाजात आरंभिले. आवाज चढविण्यापेक्षा उतरविण्याची तालीम व्हाइट यांनी कसून दिली होती. नऊ कंठ मिळून एकच श्वास वाटावा अशी. आपसांत कुजबुजणारी सभा स्तब्ध झाली. त्या दिवसापासून गाण्यांचा क्रम उलटला. उसनी गाणी मागे पडली आणि घरची पुढे आली. १८७२ च्या मार्चमध्ये अध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे गायन झाले, गीतांचे पुस्तक छापले गेले, आणि वीस हजार डॉलर घेऊन मंडळी परत आली. त्या पैशांतून शाळेसाठी नवी जागा मिळाली.

इमारत मात्र अजून बाकी होती. म्हणून १८७३ च्या वसंतात पथक विलायतेस निघाले. अनेक आगबोट कंपन्यांनी या उतारूंस चांगल्या वर्गाची तिकिटे नाकारली. अखेर ‘बटाव्हिया’ नामक बोटीवर जागा मिळाली. लंडनमध्ये ६ मे रोजी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या आश्रयाखाली पहिले गायन झाले, आणि दुसऱ्याच दिवशी ड्यूक ऑफ अर्गाइल यांच्या निवासस्थानी साक्षात व्हिक्टोरिया राणी ऐकावयास आली. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी तर त्यांस न्याहरीस बोलावून आपल्या इतर पाहुण्यांत मिसळून बसविले. मायदेशी ज्यांस खाणावळीत पाऊल टाकू देत नसत, ती मुले साम्राज्याच्या पंतप्रधानाच्या टेबलाशी बसली. आमच्या मते त्या प्रवासातील खरे प्रेक्षणीय स्थळ ते टेबल होय. किल्ले आणि मंदिरे पैसे मोजून कोणीही पाहू शकतो. बरोबरीने वागविणारे लोक पाहावयास त्यांस समुद्र ओलांडावा लागला. याचा परिणाम असा की, पथकातील आयझॅक डिकर्सन आणि टॉमस रटलिंग हे दोघे पुढे इंग्लंडातच स्थायिक झाले.

याच १८७३ साली इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुलामांस दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस त्यांनी ते अर्पण केले आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि ऑक्टोबरात नॅशव्हिल येथे नव्या इमारतीची कोनशिला बसली. वर्गात सनावळ्या पाठ करून घेताना ही जोडी आम्ही कधी शिकविली नाही; क्रमिक पुस्तकात ती नव्हती.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यातून सुमारे पन्नास हजार डॉलर जमले. पण पैसा काही फुकट आला नाही. व्हाइट यांची पत्नी १८७४ साली स्कॉटलंडमध्येच वारली. त्यांची स्वतःची प्रकृतीही ढासळली. तालमी आणि व्यवस्था यांचा मोठा भार एला शेपर्डवर पडला. होम्स याला क्षयाने गाठले. १ जानेवारी १८७६ रोजी ‘ज्युबिली हॉल’ या सहा मजली इमारतीचे उद्घाटन झाले. दुसऱ्या दौऱ्यात मंडळी हॉलंड आणि जर्मनीतही गेली, पॉट्सडॅमच्या राजवाड्यात गायिली आणि १८७८ साली हॅम्बुर्ग येथे थकून विसर्जित झाली. एला नॅशव्हिलला परतली व तिने आपल्या आईला जवळ आणून ठेविले.

येथे हकीकत संपावी, पण एक गायक थांबला नव्हता. फ्रेडरिक लाउडिन हा भरदार खर्जाचा, जन्माने स्वतंत्र, परंतु वर्णामुळे गावच्या चर्चच्या गायनवृंदात प्रवेश न मिळालेला मनुष्य. त्याने १८८४ साली आपले निराळे पथक काढले आणि सहा वर्षे पृथ्वीप्रदक्षिणा केली. ही मिळकत शाळेस जात नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तो व्यवसाय होता आणि लाउडिन व्यवहारात पक्का होता. ऑस्ट्रेलियात १८८६ साली मरे नदीकाठच्या मालोगा येथील मूळनिवासी लोकांच्या वस्तीवर हे पथक गेले. ज्यांचा मुलूख हिरावला गेला त्यांच्यापुढे, ज्यांचे स्वातंत्र्य हिरावले गेले होते त्यांची गाणी. फेरोचे सैन्य समुद्रात बुडाल्याचे त्यांतील एक गीत तेथील योर्टा योर्टा भाषेत उतरले आणि ते आजही त्या लोकांत गाइले जाते. ते भाषांतर टॉमस शॅड्राक जेम्स यांच्या नावे सांगितले जाते. हे गृहस्थ कोण? मॉरिशस बेटावर हिंदी आईबापांच्या पोटी जन्मलेले, आणि त्या वस्तीवरचे शाळामास्तर! मास्तर मंडळींनी क्षणभर अभिमान वाटून घेण्यास हरकत नाही.

पुढे लाउडिनचे पथक सिलोनवरून हिंदुस्थानात आले. आग्र्यास त्यांनी ताजमहाल पाहिला आणि त्या घुमटाखाली गुलामांचे एक भक्तिगीत हलक्या स्वरात म्हटले. त्या घुमटात सूर किती वेळ रेंगाळतो, हे जे आग्र्यास जाऊन आले आहेत त्यांस ठाऊक असेल. बादशहाने बेगमेसाठी बांधलेल्या कबरीत, ज्यांच्या पूर्वजांच्या कबरींवर नावेही नाहीत त्यांची गाणी घुमली. घरी परतल्यावर लाउडिनने आपल्या बंगल्यास ‘ओटिरा’ असे नाव दिले. न्यूझीलंडमधील एका खिंडीचे हे नाव. प्रवासाची हौस होती म्हणावयाची.

ज्युबिली हॉल आजही उभा आहे आणि त्यात विद्यार्थी राहतात. एडमंड हॅव्हेल या इंग्रज चित्रकाराने काढलेले त्या पहिल्या गायकांचे भव्य तैलचित्र तेथेच आहे. पथकही चालू आहे. २००७ साली ते आफ्रिकेतील घाना देशी त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवास जाऊन आले आणि २०२१ साली त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

परंतु दुसरी बाजू झाकून ठेवणे आमच्या स्वभावात नाही. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने १९३४ साली स्पष्टच लिहिले की, रंगमंचावर घासूनपुसून सादर होणारी ही गाणी म्हणजे शेतावरची मूळ गाणी नव्हेत. मूळ गाण्यात प्रत्येकाचा गळा आपल्या वाटेने जातो आणि दोन वेळा ते सारखे होत नाही. हे म्हणणे खरे आहे. गाणे व्यासपीठावर चढले की त्याचे काही हरवतेच. पण व्यासपीठावर न चढते तर ती गाणी दारेखिडक्यांच्या आतच राहिली असती आणि शाळेस कुलूप लागले असते, हेही तितकेच खरे.

म्हणून आमचे मत असे की, ओव्यांचा कार्यक्रम व्हावा. मात्र पेटी आणि तबला यांच्या ठेक्यात त्या ओव्या कोंबू नयेत, आणि नटूनथटून हसतमुखाने म्हणण्याची तालीम मुलींना देऊ नये. ज्या आजींकडून ओव्या उतरून घेतल्या त्यांची संमती आधी घ्यावी. एखादी ओवी त्यांस बाहेर म्हणावयाची नसेल तर ती वगळावी, कारण तो हक्क त्यांचा आहे. आक्षेप घेणाऱ्या तरुणांनी तिकीट विकू नये, पण तालमीस एकदा येऊन बसावे, ही आमची त्यांस विनंती.

तीन आजींपैकी दोघींनी होकार दिला आहे. तिसऱ्या आजी म्हणतात, जाते फिरल्याशिवाय ओवी तोंडात येत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी चालते जाते शिल्लक असेल, खुंट्यासकट, त्यांनी कृपया महिनाअखेरीपर्यंत कार्यवाहांस कळवावे. नेण्या-आणण्याची व्यवस्था मंडळ करील.