टाकाऊ थर्मोकोलपासून आयन-विनिमय रेझिन : अर्थकारणाची कसोटी



चेन्नईतील एग्मोरसारख्या गजबजलेल्या भागात पाणी आणि प्लॅस्टिकचा कचरा हे दोन्ही प्रश्न नागरी नियोजनापुढे एकाच वेळी उभे राहतात. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे प्रमुख जलाशय आटले आणि जुलैमध्ये जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा काळात कूपनलिकांवरील भिस्त वाढते. त्यांचे पाणी दुष्फेन, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांनी युक्त असेल, तर ते आयन-विनिमय रेझिनच्या साहाय्याने सुफेन करता येते. हे रेझिन टाकाऊ थर्मोकोलपासून बनविणे शक्य आहे काय?

रसायनशास्त्राचे उत्तर होकारार्थी आहे. थर्मोकोल म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरीन. त्यावर संहत सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली असता त्यातील बेंझीन वलयांना सल्फोनिक गट जोडले जातात. सोडियमरूपातील असे रेझिन पाण्यातील कॅल्शियमचा एक आयन धरून सोडियमचे दोन आयन सोडते. प्रत्येक वलयाला एक गट जोडला गेल्यास एक ग्रॅम कोरड्या, आम्लरूप रेझिनची सैद्धांतिक क्षमता सुमारे ५.४ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे अंदाजे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी भरते.

तथापि, साखळ्या परस्परांना जोडलेल्या नसतील, तर भरपूर सल्फोनिक गट असलेला हा पदार्थ पाण्यातच विरघळतो. म्हणून कारखान्यांत स्टायरीनबरोबर डायव्हिनाइलबेंझीन वापरून जाळीदार मणी तयार करतात. मुंबईची आयन एक्स्चेंज (इंडिया) आणि पुण्याची थरमॅक्स या कंपन्या रेझिनचे उत्पादन करतात. टाकाऊ मालापासून बनलेल्या रेझिनला याच दर्जाशी स्पर्धा करावी लागेल.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. थर्मोकोल फुकट मिळाला, तरी त्याच्या आकारमानाचा बहुतांश भाग हवेचाच असल्याने वाहतूक महाग पडते. उरलेल्या आम्लाचे उदासिनीकरण करावे लागते. रेझिनच्या पुनरुज्जीवनासाठी मिठाचे द्रावण लागते आणि त्यातून निघणारे खारट सांडपाणी जमिनीत मुरले, तर भूजल बिघडते. हा बाह्य खर्च किमतीत धरला नाही, तर उद्योजकाचा नफा हा शेजारच्या विहिरीचा तोटा ठरतो.

१ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलसह काही एकल-वापर प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. प्लॅस्टिक वेष्टनांसाठी उत्पादकांची विस्तारित जबाबदारीही त्याच वर्षी निश्चित झाली. संकलनाचा भार या जबाबदारीतून उचलला गेला आणि आम्लाचा पुनर्वापर झाला, तर औद्योगिक सांडपाण्यातील शिसे व तांबे रोखण्यासाठी असे रेझिन उपयुक्त ठरू शकेल. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र त्याच्या शुद्धतेची कठोर चाचणी अनिवार्य आहे. कचऱ्याचे मूल्यवर्धन या सर्व खर्चांच्या वजाबाकीनंतरच मोजले पाहिजे.